सरांनी लावलेला कौल

देव मानावा की नाही, हे देवालाच विचारून ठरवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो शाहूपुरीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. समाजकार्याच्या कॉलेजात या सरांनी आयुष्यभर शिकवलं, "लोकांच्या दारात जाताना आपला देव घरी ठेवावा." मग अभ्यासक्रमात 'धर्म, अध्यात्म आणि समाजकार्य' असा नवा विषय आला, तो नेमका सरांच्या गळ्यात पडला आणि त्यांचं सगळंच बिनसलं. मुलांना घेऊन जोतिबाला गेले, तर नारळ वाढवायचा की नुसती नोंद करायची, हे ठरेना. शेवटी नारळ वाढवला आणि त्याचीच नोंद केली. गुलालानं माखून परतले ते गॅलरीतून मला ओरडून सांगत, "भक्त म्हणून नाही हो, निरीक्षक म्हणून!" पुढं सोमवारी उपवास धरू लागले आणि मंगळवारी त्यावर स्वतःचीच मुलाखत घेऊ लागले.

पण खरी पंचाईत झाली पुरात. शिरोळकडच्या एका गावात आम्ही दोघं मदतीच्या बोटीतून गेलो. पाणी उंबऱ्याला लागलेलं आणि घरातली म्हातारी देव्हाऱ्यापुढं ठाण मांडून बसलेली. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तिनं ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या.

"उजवी पडली तर येतो, डावी पडली तर ऱ्हातो. त्येनं सांगितल्याबिगर हलायची न्हाय."

सरांनी वही काढली. "आजी, देवाची उजवी की आपली?"

"कंच्या शाळंत शिकलास रं मास्तर? देवाची!"

दारातून नावाडी ओरडला, "आवो, पाणी आत आलं की! उचला म्हातारीला!"

"उचलायचं नाही. निर्णय त्यांचा आहे," असं म्हणत सरांनी घाम पुसला, वही मिटली, डोळे मिटले, हात जोडले आणि मूर्तीसमोर असा काही सुस्कारा सोडला की देवाची उजवी पाकळी टपकन खाली. म्हातारी देव पदरात घेऊन मुकाट्यानं बोटीत बसली.

त्या दिवसापासून सर मला छळू लागले. "ती फुंकर होती का हो? तुम्ही बघितलंत ना?" पाणी ओसरल्यावर कबुली द्यायला निघाले, मलाही ओढून नेलं. म्हातारी भिंतीवरचा चिखल खरवडत होती.

"आजी, ती पाकळी बहुतेक मीच पाडली."

"दिसलं की मला," ती हात न थांबवता म्हणाली. "पर डोळं मिटून, हात जोडून पाडलीस न्हवं? मग तू पाडलीस आसं कसं म्हनू?"

हल्ली वर्गात सर हा प्रसंग सांगतात म्हणे. "मग कौल कुणी दिला, सर?" असं एखाद्या मुलीनं विचारलं, की फळ्याकडे वळतात, कोरा फळा पुसायला लागतात आणि बराच वेळ पुसत राहतात.