शरिफाचा फळा

शरिफा अब्दुल शेख हिच्या तोंडाला लागायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या अलीकडं आमचं गाव. फाट्यावर तिच्या नवऱ्याचं, अब्दुलचं, पंक्चरचं दुकान आणि घराच्या ओट्यावर हिची शिलाई मशीन. ब्लाऊज शिवणार, साडीला फॉल-पिको करणार, आणि हात चालतोय तोवर जीभही चालवणार. "माप द्यायला आलीस का पोट आत ओढायला? सोड की श्वास, मेलीस तर बोल मला लागंल!" असं ती सरपंचाच्या बायकोलाही सुनावते. बाई बारावी शिकलेली. गावात बारावी झालेल्या सुना काय कमी आहेत? पण शिकलेलं चार लोकांच्या कामी आणायचं खूळ एकटीच्या डोक्यात शिरलं, ते हिच्या.

शिरलं ते भीमाबाईमुळं. भीमाबाईनं कांद्याच्या रोपावर औषध मारलं आणि ते निघालं तणनाशक. दोन्ही बाटल्या सारख्याच हिरव्या, आणि वाचता येतंय कुणाला? रोप जळून पिवळंफट्ट पडलं. गावानं काय करावं? हसावं! चौकात बसलेली रिकामटेकडी मंडळी तिला विचारायची, "काय भीमाबाई, यंदा राखच विकायची का?" बाई पदर तोंडाशी धरून निघून जायची. एक दिवस शरिफाचं डोकं फिरलं. भर चौकात उभी राहून म्हणाली, "दात काय काढताय मुडद्यांनो? तुमच्या घरातल्या बायांना तरी येती का बाटली वाचाया? उद्या तुमच्याच चहात ओततील, मग हसा!"

चौकात देवळासमोर सिमेंटचा एक फळा आहे. कुठल्याशा तरुण मंडळानं तो सुविचार लिहायला बांधला होता. मंडळाचे सुविचार लवकरच संपले आणि फळा मेलेल्या माणसांसाठी उरला. कोण गेलं, माती कधी, दहावा कुठं, एवढंच त्यावर यायचं. शरिफानं ग्रामपंचायतीकडून तो मागून घेतला. निधनाचं लिहायचं असेल ते मीच लिहीन म्हणाली, माझं अक्षर तरी माणसासारखं आहे. शिपाई रंगनाथला तेवढंच काम कमी झालं, त्यानं खडूचा डबा तिच्या हवाली केला.

सकाळी कांदे काढायला, खुरपायला जाणाऱ्या बाया टेम्पोची वाट बघत चौकात थांबतात. तीच शरिफाची शाळा. मोठ्या गोल अक्षरात ती लिहायची: आज नळाला पाणी नाही. डॉक्टर मंगळवारी येणार. सोसायटीत युरिया आला. मग एकेकीनं पुढं यायचं आणि मोठ्यानं वाचायचं. चुकलं की ही फाडून खाणार, बरोबर आलं की "शाब्बास!" म्हणून अशी टाळी वाजवणार की देवळावरची कबुतरं उडावीत. पुढं प्रौढांच्या साक्षरतेची सरकारी योजना आली, तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांनी शिकवणारी म्हणून तिचंच नाव टाकलं. त्यांचं काम आपोआप होत होतं, ते कशाला सोडतात!

या बायांमध्ये मालनबाई होती. साठीला टेकलेली, पण हट्टानं तरणी. तिला बाटली वाचायची नव्हती, लाईटबिल वाचायचं नव्हतं. तिला एसटीची पाटी वाचायची होती. तिची एकुलती एक लेक सत्यशीला तिकडं अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पुढं एका वाडीत दिलेली. संगमनेरच्या स्टँडवर उतरायचं आणि राजूरची गाडी धरायची. मागं एकदा मालनबाई एकटी निघाली होती. संगमनेरला कुणा भल्या माणसाला विचारलं, त्यानं दाखवलेल्या गाडीत बसली, आणि उतरली ती सिन्नरला. रडत एका दुकानदाराच्या फोनवरून मुलाला कळवलं. मुलगा कानिफनाथ मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला, पण त्या दिवसापासून त्यानं आईचं नावच पाडलं, "आमची सिन्नर". लेकीकडं जाते म्हटलं की म्हणायचा, "कुठं, सिन्नरला का? गप बस घरी. सवड झाली की मी नेतो." त्याला सवड काय शेवटपर्यंत झाली नाही.

म्हणून मालनबाई शिकली. चिडून शिकली. हवेत बोट फिरवत, ओठ हलवत, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. टेम्पोच्या मागचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं. रस्त्यानं जाताना "भा-वी आ-म-दार" म्हणून थांबायची आणि फ्लेक्सवरच्या थोबाडाकडं बघून म्हणायची, "ह्यो? ह्याला तर कांदा चोरताना धरला हुता!" शरिफाचा जीव जडला तिच्यावर. जो भेटेल त्याला सांगायची, माझी मालनकाकू आता पेपर वाचते. लोक मान हलवायचे आणि विसरून जायचे. मालन म्हणजे अंगठेबहाद्दर, हे एकदा डोक्यात बसलेलं काढायचे कष्ट कोण घेतो?

मार्चमध्ये साक्षरतेची परीक्षा होती. नगरहून अधिकारी येणार होते. हेडमास्तर म्हणाले, तुमच्या मालनबाईंना साहेबांसमोर वाचायला उभं करू. शरिफाला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच दिवसांत सत्यशीलाला कावीळ झाली. सासरच्यांनी झाडपाल्याचं औषध चालवलं होतं. फोनवर लेक म्हणायची, "आय, एकदा ये की गं. तुला बघू वाटतंय." कानिफनाथ म्हणाला, कावीळ काय, उतरंल. मालनबाई शरिफाच्या ओट्यावर आली.

"शरिफे, मी जाते राजूरला. येती की आता पाटी मला."

शरिफानं मशीन थांबवली. तिला पक्कं ठाऊक होतं, बाईला पाटी येते. राजूरच काय, त्या स्टँडवरच्या साऱ्या पाट्या तिनं वाचून दाखवल्या असत्या. पण बाई गेली की आठ-पंधरा दिवस लेकीपाशी राहणार. मग परीक्षा कोण देणार, साहेबांसमोर कोण उभं राहणार?

"काकू, अजून अडखळतीस तू," शरिफा म्हणाली. "गर्दीत गडबडलीस म्हंजी? परत सिन्नर करायचंय का? परीक्षा होऊ दे. मग मी सवता येते, तुला राजूरच्या गाडीत बसवून देते."

सिन्नरचं नाव काढलं आणि बाई विझलीच. "अडखळते व्हय मी?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "बरं. तू म्हनतीस तर थांबते." शरिफानं मशीन पुन्हा सुरू केली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलं. पण साहेबांपुढं उभी राहिलेली मालनकाकू डोळ्यांपुढं आली की ते वाटणं मागं पडायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जिचं माणूस गेलं, तिला ते सांगायचं नाही. लांब दिलेली लेक गेली, तर आईला म्हणायचं, "जरा सिरियस हाय, चल भेटून येऊ." गाडीत बसवायचं, शेजारी दोन बाया द्यायच्या, आणि अंगणातली गर्दी बघून तिचं तिला कळू द्यायचं. तोवर सारं गाव जाणून असतं आणि गप्प असतं. याला आम्ही माया म्हणतो.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, सकाळी सकाळी रंगनाथ शिपाई शरिफाच्या ओट्यापाशी आला. कागद न देता तोंडीच म्हणाला, "भाभी, फळ्यावर घ्या. करंजवाडी येथील सौ. स्नेहल आदिनाथ यांचे दुःखद निधन. अंत्यविधी दुपारी. जीप देवळापासून निघंल."

"कुनाची रं?"

"हाय कुनाची तरी लेक," रंगनाथ दुसरीकडं बघत म्हणाला. त्याला ठाऊक होतं. सरपंचाला ठाऊक होतं, चौकातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. शरिफाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण तिची आणि मालनची रोजची उठबस. तिच्या तोंडून निघून जाईल म्हणून. आणि फळा? फळ्याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. मालनला काय वाचता येतंय!

शरिफाला स्नेहल म्हणून कुणी ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होती सत्या. लग्नात नवरदेवानं ताटातल्या तांदळात बोटानं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. सासरच्यांना सत्यशीला हे नाव जुनाट वाटलं, म्हणून ती स्नेहल झाली. माहेरात ते नाव कुणी तोंडातही घेत नसे. वाडीचं नावही मालनबाई कधी घेत नसे, ती आपली राजूर राजूर करायची. शरिफानं नीट, गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं. एक वेलांटी बारीक आली ती पुसून पुन्हा काढली.

टेम्पो यायचा होता. बाया जमल्या. त्यातल्या काहींना घरून कळलं होतं, त्या मालनबाईला बघून चपापल्या. आज ही घरीच असेल असं त्यांना वाटलं होतं. पण कानिफनाथ जीप ठरवायला बाहेर पडलेला, आणि बाईला कुणी काही बोललं नव्हतं. ती नेहमीसारखी खुरपं घेऊन आली होती.

"चल काकू, आज तुझी पाळी," शरिफा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की भाभी, टेम्पो यील," भीमाबाई घाईनं म्हणाली.

"गप गं तू. हिला परीक्षेला बसायचंय. वाच काकू, न अडखळता."

मालनबाईनं पदर खोचला, बोट वर केलं. "क-रंज-वाडी ये-थील," ती वाचायला लागली. थांबली. "सौ. स्ने-हल." पुन्हा थांबली.

"थांबू नको!" शरिफा ओरडली. "पुढं!"

"आदि-नाथ यां-चे," मालनबाई वाचत राहिली. मास्तरणीनं सांगितलं होतं, मधे थांबायचं नाही. आवाज बारीक होत गेला, पण बोट चालत राहिलं, पहिल्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. "दुः-खद नि-ध-न."

"शाब्बास!" शरिफानं टाळी वाजवली. "बघा! एका दमात!"

मालनबाई फळ्याकडं तोंड करून तशीच उभी होती.

"शरिफे," ती म्हणाली, "स्नेहल म्हंजी आमची सत्या गं."

शरिफानं फळ्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं, आणि साऱ्यांच्या खाली घातलेल्या माना बघून तिला समजलं. अल्ला, हे माझ्या हातानं काय झालं, एवढंच ती पुटपुटली. तेवढ्यात जीप घेऊन कानिफनाथ आला. त्याला काय घडलं याचा पत्ता नाही. चेहरा तयार करून, रीतीप्रमाणं म्हणाला, "आय, चल बरं. सत्या जरा सिरियस हाय."

"सिरियस न्हाई," मालनबाई म्हणाली. "गेली ती. मी वाचलं."

कानिफनाथनं फळा बघितला. मग शरिफावर जे तोंड सोडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईला इतकी वर्षं ताटकळत ठेवणारा हा दिवटा, त्या दिवशी आईच्या काळजीनं थरथरत होता! बाह्यांनी फळा पुसला, खडूचा डबा लाथेनं उडवला. शरिफा, जी सरपंचाला घाबरत नाही, ती मान खाली घालून ऐकत होती. मालनबाईला धरून जीपमध्ये बसवलं, तेव्हा ती पुढं झाली. "काकू, मला ठाव नव्हतं गं. कसम खाते."

"त्याचं काय न्हाई," मालनबाई म्हणाली. "मी अडखळत हुते का गं?"

जीप निघून गेली.

गावानं निकाल लावला तो असा: बाईला वाचायला शिकवलं नसतं, तर बिचारीला मायेनं कळलं असतं. फळ्यापुढं बाया यायच्या बंद झाल्या. परीक्षा मात्र झाली. मालनबाई लेकीच्या दहाव्याला बसलेली होती, आणि इकडं तिच्या नावाचा पेपर कुणाच्यातरी शिकलेल्या सुनेनं सोडवला, कारण शाळेचा निकाल शंभर टक्के लागायला हवा होता. हेडमास्तर म्हणाले, त्यांना येतंच होतं की, खोटं कुठं आहे यात? शरिफानं तेही गिळलं.

सत्यशीलाच्या मागं एक लहान मुलगी राहिली होती. मालनबाई तिला भेटायला राजूरला जायला लागली. एकटी. कुणाला विचारत नाही, पाटी वाचते आणि बसते. चौकातून जाताना शरिफाच्या ओट्याकडं बघत नाही. शरिफा मशीनवरून हाक मारायची, "काकू, च्या घेऊन जा." बाई चालत राहायची. मग हाका बंद झाल्या.

एकटी म्हातारी पाट्या वाचत डोंगरात जाते ही बातमी मात्र साहेबांपर्यंत पोचली. त्यांनी शाळेत कार्यक्रम ठेवला. शरिफाला शाल आणि नारळ, मालनबाईंचे दोन शब्द. मालनबाई येणार नाही असं शरिफाला वाटलं होतं. ती आली. धुतलेलं लुगडं नेसून, हातात प्रवासाची पिशवी घेऊन आली, शरिफाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि समोर बघत राहिली. हेडमास्तरांनी माईक हातात दिला.

"मला वाचाया ह्या शरिफानं शिकवलं," मालनबाई म्हणाली. "लई जीव लावून शिकवलं, खोटं न्हाई बोलायची. मला लेकीकडं जायचं हुतं. लेक बोलवत हुती. मला पाटी येत हुती, अन् हिला ते ठाव हुतं. ही म्हनली, परीक्षा होऊ दे. मी थांबले. लेक गेली."

तिनं माईक परत दिला, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून फाट्याकडं चालायला लागली. संगमनेरची गाडी यायची वेळ झाली होती. भाषण थांबलं की टाळ्या वाजवायच्या, असं पोरांना बजावून ठेवलं होतं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या साहेबांनीही वाजवल्या. हेडमास्तरांनी घाईघाईनं शरिफाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला.

"भाभी, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "जरा हसा की."

शरिफा हसली.