सात फुटांची प्रायव्हसी

घरामागची सांदवाडी सुधारायला काढून तर पाहा! माती घमेलंभर निघते, अन् किस्से ट्रॉलीभर. आमच्या सावली गावात आता गुरुजी, म्हणजे मी, दिसलो की लोक आधी वाडीचंच विचारतात.

हौस नव्हती हो. मंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, केमो नुकतीच संपली होती. डोक्यावर एक केस नाही. घरात बसून बसून वैतागली होती. एक दिवस म्हणाली, "मले डोक्यावरचा पदर काढून उन्हात बसाचं हाय. कोनी पाह्यलं नाई पाह्यजे." एवढंच मागितलं तिनं. मी लगेच कामाला लागलो.

*

पुण्याच्या मुलानं मोबाईलवर फोटो पाठवले. लाकडी डेक, झुला, उंच भिंती. मी दामू मिस्त्रीला बजावलं, "सगळं मॉडर्न, अन् एकदम प्रायव्हेट!"

चार दिवसांनी पाहतो तर चारी बाजूंनी सात फूट भिंत, अन् दामू शिडीवरून खाली उतरून राह्यला.

"दामूभाऊ, दरवाजा कुठी हाय?"

"तुमीच म्हनले ना गुरुजी, प्रायव्हेट! दरवाजा ठेवला तं कोनी बी घुसन!"

*

मग भिंत फोडून दरवाजा काढला. त्याच्या आडोशाला मुलानं बांबूचे पडदे ऑनलाइन पाठवले. चहूकडे बांबूचं जंगल, अन् आमचा बांबू कुरिअरनं! तो पाहायला अख्खी गल्ली आमच्या प्रायव्हेट वाडीत जमली. मंदा बिचारी पदर ओढून दिवसभर स्वयंपाकघरात. मला तर रडू यायचं बाकी होतं.

*

शेवटी एकदाची ती उन्हात बसली. पदर खांद्यावर. हुश्श!

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची शेवंता ओरडली, "मंदाबाई, भाजी कोनती केली वो?" पूर्वी इथं कमरेएवढं कुंपण होतं, त्यावरून वीस वर्षं दोघींची भाजी इकडून तिकडे जायची.

मंदानं झटकन पदर घेतला.

"घाबरू नोको! मले काईच दिसून नाई राह्यलं!"

मग रोजच सुरू झालं. पण सात फुटांवरून बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. आमच्या घरात काय शिजलं, कोण रुसलं, मला गॅस किती झाला, सगळं बसस्टँडपर्यंत पोचलं. कुंपण होतं तेव्हा आम्ही जास्त प्रायव्हेट होतो!

*

परवा रिपोर्ट आला. एकदम क्लिअर! मला चंद्रपूरहून येताना बसमध्ये तीन वेळा चष्मा पुसावा लागला.

घरी येताच मंदानं दामूला बोलावलं. "भाऊ, शेवंताकडची भिंत कमरेपर्यंत आना."

दामू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आना."

विटा उतरल्या. पलीकडे शेवंता उभीच होती. इकडे मंदा. डोक्यावर जेमतेम बोटभर केस, पदर खांद्यावर. आता ही काय बोलते!

शेवंतानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"काऊन वो मंदाबाई, साडी नवी घेतली अन् मले सांगतलं बी नाई?"