सतरा पेपर, एकच बांगडा

न समजण्यासारखं जगात काहीच नसतं, समजावणाराच कंटाळलेला असतो, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. ती म्हणजे आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासाच्या ग्रुपची ॲडमिन. नायगावच्या चाळीतली, बसड्रायव्हरची मुलगी. तिच्या मोबाइलची काच इतकी तडकलेली की टाइप करणं अशक्य, म्हणून ती बोलायची. मागे कुकरच्या शिट्ट्या, शेजारणींचं नळावरचं भांडण आणि त्यातून वाट काढत येणारं अर्थशास्त्र, अशा तिच्या व्हॉइस नोट असत. ग्रुपवर गुड मॉर्निंगचं फूल टाकणाऱ्याला ती दिवसभर बाहेर काढी. नुसता अंगठा पाठवणाऱ्याला थेट फोन करी, "काय समजलं ते बोलून पाठव." माझगावच्या ग्लेनने वैतागून ग्रुप सोडला, तर त्याच संध्याकाळी बस पकडून ही त्याच्या दारात! "आंटी, चहा नको. ह्याला बाहेर पाठवा," म्हणाली आणि पायरीवर बसवून त्याच्याकडून अख्खा धडा वदवून घेतला.

पर्यायी वस्तू म्हणजे काय, हे आम्हाला शिकवलं तिनेच. "सुरमई महागली की आमची आई बांगडा आणते. बांगड्याची मागणी वाढली. झालं! यात रडण्यासारखं काय आहे?" ती नोट आम्ही इतक्यांदा ऐकली की कॉलेजच्या चाचणीत आम्ही सतराही जणांनी तेच लिहिलं.

अर्थशास्त्राच्या सरांनी पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "सतरा पेपरांत एकच बांगडा! सगळ्यांना शून्य. आणि तुमचा तो ग्रुप आजच्या आज बंद."

आमच्या माना खाली गेल्या. ती मात्र उठली.

"सर, आम्ही एकत्र शिकलो म्हणून बांगडा एक आहे. ग्रुप बंद होणार नाही."

"उद्धटपणा पुरे!"

"मग परीक्षा घ्या ना सर. सतरांतल्या कुणालाही उभं करा, मासे सोडून काहीही विचारा."

सरांनी मुद्दाम ग्लेनलाच उठवलं. तो म्हणाला, "सर, टॅक्सीचं भाडं वाढलं तसे डॅडी बसने जायला लागले. बस म्हणजे पर्याय. पण मम्मीचं इन्सुलिन महागलं, तरी तेवढंच आणावं लागतं. तिकडे पर्याय नाय."

सर गठ्ठा पुढे ओढत म्हणाले, "मार्क देतो. पण पुढच्या वेळी प्रत्येकाने आपापला मासा आणा."

शेवटच्या वर्षी आम्ही सोळा जण पास झालो आणि ती कॉस्टिंगच्या पेपरात नापास झाली. पहिल्या दोन प्रश्नांनाच तिने पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या होत्या, बाकीचे कोरेच. मी चिडले, तर म्हणाली, "तपासणाऱ्याला नीट समजायला नको?" आणि वर, "पुन्हा बसणार. बघतेच कसा सुटत नाही तो!"

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "कॉस्टिंगचं एक प्रकरण अडलंय गं. समजावशील?" तीन वर्षांत तिने कुणाला असं विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं, माळ्यावरून पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचत बसले. तिला सांगायचं, तर मला अर्धवट येऊन चालणार नव्हतं.