पाण्यावरचं मेंढरांचं कुत्रं

उन्हाळ्यात मी रोज सकाळी होटगीच्या तलावावर फिरायला जायचो. तिथं एक म्हातारा छोट्या होडीतून आपल्या कुत्र्याला सावकाश फिरवताना दिसायचा. सोबत ना जाळं, ना गळ. एकदा तो काठाला लागल्यावर मी विचारलंच, "कुत्र्याला रोज होडीत कशाला नेता?"

"मेंढरं इकली आमी. पर ह्येला कुटं कळतंय? दुसऱ्याची मेंढरं वळवून दारात आणतंय, लोक भांडाय येत्यात. पाण्यावर गप बसतंय की."

पुढं एका सकाळी पलीकडच्या काठावर कुणाची तरी मेंढरं पाण्याला उतरली. होडी मधोमध होती. कुत्रं कान टवकारून उभं राहिलं, पण भुंकलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र वल्हं खाली ठेवलं आणि मेंढरांना लांबलचक हाळी दिली.

कुत्रं वळून त्याच्याकडं बघत राहिलं.