इद्रिसची बिस्मिल्ला

मैमूनाला एका जागी बसवत नव्हतं. शुक्रवारी इद्रिसला चार वर्षं, चार महिने, चार दिवस पुरे होत होते, म्हणजे त्याची बिस्मिल्ला. घरातल्या वडीलधाऱ्याच्या मांडीवर बसून मुलानं अल्लाचं नाव घ्यायचं, मग गोडधोड वाटायचं. आणि हा पठ्ठ्या दोन महिने घोकून घेतलं तरी तोंड उघडायला तयार नाही.

महाडजवळच्या त्या वाडीत मैमूना अकरा वर्षं अंगणवाडी चालवत होती. कुणाचं पोर कधी बसलं, कधी बोललं, हे तिला पोराच्या आईआधी कळायचं. पोरांवर हात उगारू नका, धाकानं पोर मिटून जातं, असं ती आयांना बजावायची. स्वतःच्या पोराबाबत मात्र, मुलगे बोलतात उशिरा, अशी मनाची समजूत घालत आली होती. आता लोक म्हणणार, सेविकेचंच पोर मुकं. त्या धास्तीनं मंगळवारी तिनं इद्रिसच्या पाठीत धपाटा घातला.

"हट्टी हाय मेला," ती म्हणाली.

"मारून दीनधरम शिकवायचा नाय गो," सासरे म्हणाले. "नमाजात नातू पाठीवर चढला तर पैगंबरांनी सजदा लांबवला, माथा जमिनीवरच टेकून ठेवला. आपण कोण मोठे?"

तिला पटलं, पण जीव थाऱ्यावर आला नाही.

शुक्रवारी घर भरलं. सासऱ्यांनी इद्रिसला पाठमोरा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बिस्मिल्ला." पोर गप्प. पुन्हा म्हणाले, तरी गप्प. नणंदेनं ओढणी तोंडाला लावली. मैमूनाचे हात शिवशिवू लागले. सासऱ्यांनी मग पोराला आपल्याकडे तोंड करून बसवलं आणि सावकाश म्हटलं. इद्रिस त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. मग त्याचे ओठ तसेच हलले.

"बि... मि..."

सगळीकडे मुबारक मुबारक झालं. मैमूनाला मात्र त्याची ओठांवर खिळलेली नजर दिसली. ती पोराच्या मागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. अंगणवाडीत आलेल्या प्रत्येक पोरामागे तिनं ती वाजवली होती, घरच्या पोरामागे वाजवायची गरजच वाटली नव्हती. घरातलं एकूण एक माणूस दचकून वळलं. इद्रिस आजोबांची दाढी चाचपत होता.

"सोमवारी डॉक्टरला कान दाखवू," सासरे हळूच म्हणाले.

ती तिथंच खाली बसली आणि पोराला छातीशी धरलं. "माफ कर रे," ती त्याच्या केसांत पुटपुटली. मग भानावर आली, त्याचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा म्हणाली.