काटेसाहेबांनी नापास केलेली सर्व्हिस

टीव्हीवर टेनिसचा सामना चालू होता. सर्व्हिस झाली, कोपऱ्यात वेगाचा आकडा चमकला, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. माझे बाबा "बापरे" म्हणाले. काटेसाहेबांनी खेळाडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "याच्यावर शिक्का कोणं मारला?"

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी अमरावती, बाळापूर आणि अकोला अशी फिरत झाली. दुकानातले तराजू, कापसाच्या जिनिंगमधले मोठे वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असतील तरच त्यांच्यावर सरकारी शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. जुन्या शहरातून ते नुसते चालत गेले तरी दुकानदार आपोआप पारडी पुसायला लागत. काटेसाहेब हे नाव तिथलंच, आणि निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. अकोल्यात ते आमच्या शेजारी राहायचे. बायको लवकर गेलेली, मुलगा परदेशात. संध्याकाळचा चहा त्यांनी आमच्याकडे घ्यायचा असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तो कधी चुकला नाही.

आईने "अर्धा कप साखर" असं कोणाला सांगितलं की ते "कोणता कप?" विचारायचे. एकदा डॉक्टरांनी त्यांना वजन वाढल्याचं सांगितलं. यांनी आधी डॉक्टरांचा काटा तपासला. दुर्दैवाने तो खरंच दोन किलो पुढे निघाला. त्या दिवसापासून त्यांनी त्या डॉक्टरांचं आणि इतर सर्व डॉक्टरांचं ऐकणं बंद केलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि क्लबच्या कोर्टवर रोज सराव करत होते. काटेसाहेब प्लास्टिकची खुर्ची घेऊन कुंपणाशी बसायचे. टेनिसचे नियम त्यांनी कधी शिकून घेतले नाहीत. पण मूळ नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातला माणूस, त्यामुळे कोण कसं राबतं हे त्यांना लगेच कळायचं. टीव्हीवरच्या मोठमोठ्या खेळाडूंची त्यांनी शेतीच्या कामांप्रमाणे वाटणी केली होती. पिकाच्या ओळींतून डवरा फिरवावा तशा मागच्या रेषेवर इकडून तिकडे शांतपणे फेऱ्या घालणारे ते डवरणीवाले. धाडधाड फटके चहूकडे उडवणारे फवारणीवाले. आणि समोरच्याची चूक पिकेपर्यंत थांबून मग बोंडातला कापूस काढावा तसा पॉइंट काढून घेणारे वेचणीवाले.

"तू वेचणीवाली हायेस," ते मला म्हणायचे. "वेचणीवालीले घाई चालत नाई."

मला फवारणीवाली व्हायचं होतं. सोळाव्या वर्षी वेचणी कोणाला हवी असते?

त्याच वर्षी पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रासाठी निवड होती. राहणं, खाणं, कोच, स्पर्धा, सगळं तिकडेच. सर्व्हिस करतानाचा व्हिडिओ आणि सर्व्हिसचा वेग पाठवायचा होता, आणि वेग ताशी एकशे चाळीसच्या वर हवा होता. निवड झाली तर टेनिस, नाही तर बी.एस्सी. एवढं सरळ होतं. क्लबने स्पीडगन मागवली. पहिल्याच दिवशी तिने माझी सर्व्हिस एकशे बावन्न दाखवली. बाबांनी पेढे आणून गल्लीभर वाटले. काटेसाहेबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"गन तपासली काय?" त्यांनी विचारलं.

बाबांनी वैतागून स्कूटर काढली, मीटरवर चाळीस ठेवून गनच्या दिशेने चालवत आणली. गनने चाळीस दाखवले. बाबांना वाटलं, मिटलं.

"स्कूटरच्या मीटरले तरी कोणं तपासलं?" काटेसाहेब म्हणाले. "दोन खोटे काटे एकमेकाशी जुळतेत. मी बाजारात रोज पायलं हे."

दुसऱ्या दिवशी ते आपली पोलादी टेप घेऊन आले. माझ्या सर्व्हिसचा त्यांनी मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढायला लावला. चेंडू रॅकेटला लागल्यापासून टप्पा पडेपर्यंत किती वेळ गेला ते पाहिलं, टेपने अंतर मोजलं आणि भागाकार केला. एकशे सत्तावीस आले. त्यांनी मला पुन्हा पुन्हा सर्व्हिस करायला लावली. उत्तर फारसं हललं नाही.

"गन फुगवून दाखवते," ते म्हणाले. "एकशे बावन्न पाठवू नोका."

"काटेसाहेब, पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये," बाबा म्हणाले.

"म्हणूनच सांगून राहिलो. खोट्या मापावर गेली, तर तिकडं रोज कमीच भरन."

शेवटी बाबांनी एकशे सत्तावीसच कळवलं. काटेसाहेब शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना एकशे बावन्न लिहायची छाती अकोल्यात कोणाची नव्हती. केंद्राने नाही म्हणायची तसदीसुद्धा घेतली नाही. तो सगळा पावसाळा मी काटेसाहेबांशी बोलले नाही. ते रोज यायचे, माझ्या बंद दाराकडे बघत चहा प्यायचे आणि जायचे. दिवाळीत आईने आम्हाला एकाच ताटातला चिवडा खायला बसवलं आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढे अमरावतीला संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि पुण्यात नोकरीला लागले. व्यावसायिक टेनिसच्या सामन्यांतला प्रत्येक फटका कॅमेऱ्यांनी मोजायचा, त्याचा वेग, त्याची फिरकी, आणि त्यावरून खेळाडूची शैली कोणती ते ठरवायचं, असं आमचं काम आहे. ऑफिसात त्या शैलींना लांबलचक नावं आहेत. मी मनात डवरणी, फवारणी, वेचणी म्हणते आणि काही अडत नाही.

नव्या माणसाला तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. चेंडूचा वेग रॅकेट सोडताना सर्वात जास्त असतो, मग हवा तो खात जाते. टीव्हीवर दिसतो तो सुरुवातीचा वेग. गनसुद्धा तोच पकडते. अंतराला वेळाने भागलं तर वाटेतली सरासरी मिळते, आणि ती कमीच भरणार. मी उठून पाणी प्यायले. गन बरोबर होती. केंद्राला हवा होता तो वेगही गनवालाच. काटेसाहेबांनी आयुष्यभर पोती तोलली होती, आणि पोत्याचं वजन वाटेत कमी होत नाही. ज्या माणसाने एकही खोटं माप पास केलं नाही, त्याने माझं खरं माप नापास केलं होतं. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला पुण्यात ओळखीचं कोणी नव्हतं.

"राहू दे, सांगू नको," बाबा फोनवर म्हणाले. "हार्टचं दुखणं हाये त्यायले."

ते खरंच होतं. पण चुकीचं माप माहीत असून गप्प बसायचं, आणि तेही काटेसाहेबांसमोर, हे मला जमेना. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा चहाच्या वेळी सांगून टाकलं. त्यांनी मला ते पुन्हा समजावून सांगायला लावलं.

"म्हंजे निंगतानाचा येगळा अन् पोचतानाचा येगळा."

"हो, काका."

"अन् त्यायले निंगतानाचा पायजे होता."

"हो."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "मंग तुह्यं नुकसान झालं."

"झालं," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

"माह्यामुळं झालं."

त्यांनी गार झालेला चहा संपवला, "सांगतलं ते बरं केलं" म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले.

मी पुण्याला परतल्यावर बाबांचा फोन आला. काटेसाहेब रोज सकाळी पांढरा सदरा घालून ऑटोने कुठेतरी जातात, कुठे ते सांगत नाहीत, डॉक्टरांनी फिरायला मनाई केली आहे. डॉक्टरांचं नाव काढल्यावर काय उत्तर मिळालं असेल ते मी बाबांना विचारलं नाही. थंडी संपता संपता ते गेले. झोपेतच.

तेरवीला मी आले होते. नातेवाईक थोडे होते, पण अंगण बाजारातल्या माणसांनी भरलं होतं. ज्यांचे तराजू त्यांनी जप्त केले होते तेही होते. जेवणं चालू असताना एक म्हातारे गृहस्थ बाबांना विचारत विचारत माझ्यापर्यंत आले. बाळापूरला त्यांचं धान्याचं दुकान होतं.

"टेनिसवाली पोरगी तुमीच काय?"

"हो."

"मले टेनिसमधलं काई समजत नाई, ताई," ते म्हणाले. "पण तुमची गोष्ट आमाले सगळ्यायले पाठ होती. कोणी मापात सूट मागितली का साहेब तेच सांगत. म्हणत, शेजारच्या पोरीची गन मी नापास केली, बापानं पेढे वाटले होते तरी केली. लय अभिमानानं सांगत. गेल्या महिन्यात दुकानात आले. बसा म्हणलं तर बसले नाई. म्हणे, थे गोष्ट आता कोणाले सांगू नोका. पोरगी बरोबर होती, माप माह्यं चुकलं. एवढं सांगासाठी बाळापूरले आले होते."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्यामागून जुन्या शहरातला एक किराणावाला पुढे झाला. "आमच्याकडंबी आले होते," तो म्हणाला. त्याच्या पलीकडे तिघं-चौघं उभे होते. त्यांनाही हेच सांगायचं होतं. मी एकेकाचं ऐकत राहिले.