जिभेवरचा आळ

जून महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा. रुग्णालयाच्या खिडकीवर तीन लाख चाळीस हजार रुपये भरले. हजर तिघं: मी, माझी बायको आणि माझा धाकटा भाऊ. पैसे भरल्यावर डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून सांगितलं, की वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढणार, उरेल ते केळ्याएवढं. मी एकच प्रश्न विचारला, कॉफीचं काय?

"तीन महिने अजिबात नाही. मग दिवसाला एक छोटा कप, बिनसाखरेचा," डॉक्टर म्हणाले. "आणि काही जणांची चव बदलते. आवडीच्या गोष्टी आवडेनाशा होतात. तयारी ठेवा."

हे वाक्य तिघांनीही ऐकलं. पुढचं सगळं त्यावरच घडलं.

तेव्हा माझं वजन एकशे एकवीस किलो होतं आणि कॉफी दिवसाला सात लोटे, म्हणजे आमच्याकडचे छोटे पेले. दुधाची, प्रत्येक लोट्यात दोन चमचे साखर. म्हैसूरमध्ये प्रत्येक घराची पूड ठरलेली असते. आमची अग्रहार पेठेतल्या एका दुकानातून यायची, तीन भाग कॉफी, एक भाग चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, समोर दळून. मी डबा पुढे केला की दुकानदार न विचारता मोजायला लागे. रात्री पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, लावायचं काम माझं होतं. ते मी लग्नानंतर कधी बायकोवर सोडलं नाही.

ऑपरेशननंतर वाकणं, उचलणं बंद झालं. फिल्टर तिच्याकडे गेला. आम्ही शहराच्या टोकाला, बोगादीला राहतो आणि भाऊ अग्रहारात, म्हणून पूड तो आणू लागला. पैसे दिले तर घ्यायचा नाही. "राहू दे दादा, एवढ्याशा पुडीचे काय पैसे घ्यायचे." मला बरं वाटायचं.

तीन महिने मी ताक आणि सूप यांवर काढले. सप्टेंबरात पहिला कप हातात आला. रंग बरोबर, फेस बरोबर. घोट घेतला तर जळकट, गुळमट पाणी. वासही नाही. बायको ओट्याशी उभी होती.

"कशी झालीय?"

"तुझी काही चूक नाही," मी म्हणालो. "माझी जीभच गेली."

"होईल हो हळूहळू."

पुढे रोज सकाळी हेच. ती विचारायची, मी तेच उत्तर द्यायचो, ती मला धीर द्यायची. तिने स्वतः माझ्यासोबत कॉफी घेणं बंद केलं होतं. माझ्यासाठी सोडली असं मला वाटलं. वजन ब्याण्णववर आलं, माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी अभिनंदन केलं. मी हसायचो. मनात हिशेब वेगळाच चालायचा, की जगण्याच्या बदल्यात एवढी एक चव गेली, तर सौदा वाईट नाही. तो हिशेब स्वतःला पटवायला मला बरेच दिवस लागले. बाहेर कुठे कॉफी घ्यायचा प्रश्नच उरला नव्हता. घरची अशी लागते, तर हॉटेलची कशाला?

जानेवारीत एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन होतं. आमच्या लोकांत एकादशीला अन्न नाही, पण कॉफी चालते, आणि भजन संपलं की मोठ्या पातेल्यातून ती सगळ्यांना मिळते. वाढणाऱ्या म्हाताऱ्या काकू माझ्यापुढे थांबल्या.

"अर्धा झालास की रे. घे."

"साकु काकू, मला चव लागत नाही."

"चव नाही लागली तर प्रसाद म्हणून पी. बायटू घे, अर्धी तुझी, अर्धी माझी."

एका लोट्याची त्यांनी दोघांत वाटणी केली. मी घोट घेतला.

कॉफी होती. पूर्ण, पहिल्यासारखी, टाळूपर्यंत. जिभेला काहीही झालेलं नव्हतं. मी मान वर केली. बायकांच्या रांगेतून बायको माझ्याकडेच बघत होती. मग तिने नजर खाली घेतली आणि पदर नीट करत बसली.

रिक्षात मी विचारलं, "घरी काय देत होतीस?"

"चिकोरी."

"नुसती?"

"नुसती. भावजी आणून द्यायचे."

"डॉक्टरांनी एक कप चालेल म्हटलं होतं."

"तुम्हाला एक कप कधी पुरलाय? एकाचे दोन झाले असते, मग साखर आली असती. साडेतीन लाख घातले ना आपण?"

"तीन लाख चाळीस."

"तेच की."

"आणि तू? तू सोडलीस ना कॉफी?"

"तुम्ही दुकानात गेल्यावर घ्यायचे," ती म्हणाली.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

बहुधा नसतं ऐकलं. हे मी मान्य करतो. तिची भीतीही खरी होती, एकापाशी मी थांबलो नसतो. पण कप लपवला असता, पूड कुलपात ठेवली असती, तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता. मी रोज सकाळी माझ्याच जिभेवर आळ घेत होतो आणि ती समोर उभी राहून ऐकत होती. वर धीर देत होती. ते मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खरी कॉफी केली. वासावरूनच कळलं. छोटा कप, बिनसाखरेची. उत्तम झाली होती. तिने "कशी झालीय" विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्याच दुपारी अग्रहारात गेलो. दुकानदाराने सांगितलं, पाव किलो चिकोरी, पाच वेळा, दर वेळी ऐंशी रुपये. तिथून भावाच्या घरी गेलो.

"दादा, चिडू नको. वैनी रडायच्या रे, म्हणून आणली."

"चिडलो नाही. तू खर्च केलास, तो माझ्या घरचा होता."

या वेळी तो राहू दे म्हणाला नाही. चारशे रुपये, रोख, धाकट्या भावाला.